आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

'शाश्वत विकास' हा शब्द आता ग्रामपंचायतीच्या आराखड्यापासून मंत्रालयातल्या फायलीपर्यंत सगळीकडे दिसतो. गावच्या माणसाला मात्र तो सरकारी वाटतो. वास्तविक त्याचा अर्थ शेतकऱ्याला कुणी शिकवावा असा नाही. कितीही ओढगस्त असली तरी बियाण्याची ज्वारी जुनी माणसं दळायला काढत नसत. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलांड आयोगाने जे सांगितलं ते याहून वेगळं नाही. आजच्या पिढीने आपली गरज भागवावी, पण पुढच्या पिढीच्या तोंडचा घास काढू नये.

हा हिशेब आपण बियाण्याला लावला, पाण्याला लावला नाही. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही बेताचंच. विहीर आटली की आपण बोअर मारतो. दोनशे फुटांवर लागलं नाही तर चारशे, मग सहाशे. खोल गेल्याने पाणी वाढत नाही. पुष्कळदा शेजाऱ्याच्या विहिरीचंच पाणी आपल्या बोअरला येतं. मग शेजारी आणखी खोल जातो. कर्ज दोघांच्या डोक्यावर, पाणी मात्र तेवढंच!

यातून वाट काढणारी माणसं आपल्याच मुलखात झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचं, भूमिहीनालाही वाटा द्यायचा आणि उसाला पाणी द्यायचं नाही, असे तिचे नियम होते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पाणलोटाची कामं केली. पण गाव तेवढ्यावर थांबलं नाही. शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली.

बांध आणि चर सगळीकडेच खणले जातात. मुरलेलं पाणी कुणी किती उपसायचं, हे ठरवणारी गावं मात्र थोडीच. खरं दुखणं इथेच आहे.

यावर कुणी म्हणेल, ऊस सोडला तर संसार कशावर चालवायचा? प्रश्न रास्त आहे. बाकीच्या पिकांच्या भावाचा भरवसा नाही, म्हणूनच शेतकरी उसाकडे वळतो. तूर, हरभरा, ज्वारीची हमीभावाने वेळेवर खरेदी झाली पाहिजे, ही जबाबदारी सरकारचीच. ती सरकारने झटकू नये. पण तोवर मूठभर बागायतदारांचे मळे हिरवे आणि उन्हाळ्यात अख्खं गाव टँकरच्या रांगेत, याला विकास म्हणता येणार नाही.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा रब्बीच्या तोंडावर येते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्या दिवशी सह्यांचं रजिस्टर फिरवून मोकळं होऊ नये. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. गावात पाऊस किती झाला, हे फळ्यावर लिहावं. त्यातलं बरंचसं वाहून आणि उडून जातं. मुरलं किती, याचा अंदाज विहिरींच्या पातळीवरून येतो. पाच-दहा विहिरी दोर टाकून मोजाव्यात. जूनपर्यंतचं माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढावं. उरेल त्यात गहू किती आणि हरभरा किती, हे सर्वांसमक्ष ठरवावं. याला निधी लागत नाही की वरून आदेश यावा लागत नाही. भाऊबंदकी आणि गट-तट एक दिवस बाजूला ठेवावे लागतात, आणि तेच सगळ्यात अवघड आहे.