मागच्या चाकाची कुरकुर

गाडीच्या मागच्या बाजूचा आवाज आधी ऐकू येतो तो मागे बसणाऱ्यांना, म्हणजे घरातल्या बायकांना, मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना. पुढे स्टिअरिंग धरून बसलेला म्हणतो, "रस्त्याचा आवाज आहे." आमचे मत असे, की गाडी मिस्त्रीकडे नेण्यापूर्वी मागच्या सीटची साक्ष नीट घ्यावी.

आमचे सौंदड राष्ट्रीय महामार्ग 53 वर आहे. जुनी माणसे त्याला अजून 'नंबर सहा' म्हणतात. महामार्गावर सरळ चालताना गाडी गप्प असते आणि गावात वळली की मागून बोलू लागते, अशी तक्रार आम्ही पुष्कळदा ऐकतो. आवाज फक्त वळतानाच येतो, हे कळले तरी निम्मे निदान झाले.

खर्चाचा विचार करण्याआधी डिक्की रिकामी करा. जॅक, पाना, सैल झालेली स्टेपनी, सीटखाली घरंगळणारी पाण्याची बाटली, लग्नाहून येताना राहून गेलेला डबा, यांनी कित्येक घरांना घाबरवले आहे. बोलेरोसारख्या गाडीत स्टेपनी मागच्या दारावर बसवलेली असते, ती हाताने हलवून बघा. सायलेन्सरचे रबर तुटले असेल तर तोही वळताना बॉडीला लागतो.

एवढे करूनही आवाज राहिला तर जरा गणित करू. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन मागच्या चाकांमधले अंतर सव्वा मीटर धरले, तर काटकोनात वळताना बाहेरचे चाक जवळजवळ दोन मीटर जास्त चालते. वळण लहान असो की मोठे. हे शेवटचे वाक्य वर्गात मुलांना पटत नाही, मैदानात दोरीने दोन वर्तुळखंड आखून दाखवावे लागतात.

ओम्नी, ईको, बोलेरो, सुमो या मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाड्या. हा फरक सांभाळायला त्यांच्या मागच्या हाउसिंगमध्ये डिफरन्शियल असते. त्यातले लहान गिअर सरळ रस्त्यावर आपल्या दांडीवर जवळजवळ फिरतच नाहीत, वळताना फिरतात. म्हणून हळू वळताना कटकट आणि सरळ चालताना शांतता, असे असेल तर संशय तिथे घ्यावा. आधी गिअर ऑइलची पातळी बघावी. ऑइल काढल्यावर थोडी चंदेरी भुकटी निघणारच, तिला भिऊ नका. लोखंडाचे तुकडे निघाले तर मात्र हाउसिंग उघडावे लागेल. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट या गाड्यांना पुढची चाके ओढतात, त्यांच्या मागे डिफरन्शियल नसतेच. त्यांचे 'मागचे डिफरन्शियल गेले' असे कोणी सांगितले, तर सलाम करून तिथून निघावे.

वळताना एकदाच 'ठक्क' होत असेल तर बुश, शॉकॲब्जॉर्बरचे माउंटिंग किंवा, पाट्यांची गाडी असेल तर, सैल यू-बोल्ट बघायला सांगा.

'घूंऽऽ' असा आवाज असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या घरच्या जुन्या ईकोत अम्मी नेहमी मागे डावीकडे बसतात. त्या म्हणायच्या, "पायाखाली जाते फिरते आहे." भाचा चालवत होता, त्याला काहीच ऐकू येत नव्हते. एका गॅरेजमध्ये सांगितले, पूर्ण हाउसिंग बदला. सांगितलेली रक्कम ऐकून घरात कुणी चहाला हात लावला नाही. दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रीने पैशांचे बोलण्याआधी अम्मींनाच विचारले, "खालाजान, उजवीकडे वळताना वाढतो की डावीकडे?" उजवीकडे, असे त्या म्हणाल्या. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. म्हणजे डावे मागचे बेअरिंग. नेहमी इतके सरळ उत्तर निघत नाही; टायर एकसारखा झिजला नसेल तरी असाच आवाज येतो. म्हणून त्यांनी मागची चाके पुढे आणि पुढची मागे लावून एक चक्कर मारली. आवाज मागेच राहिला, तेव्हा टायर सुटला.

मग पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून, मागचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवला. हँडब्रेक सोडून चाक हाताने फिरवले आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. खरखर स्प्रिंगमधून तळव्याला कळत होती. ड्रम उघडला तेव्हा खरी धास्ती बसली. बेअरिंगच्या मागचे सील गळून गिअर ऑइल ब्रेकच्या लायनरपर्यंत आले होते. त्या गाडीतून सहा माणसे गोंदियाला जाऊन-येऊन करत होती. बेअरिंग, सील आणि ब्रेक शू मिळून खर्च हाउसिंगच्या मानाने फारच थोडा आला. हे बेअरिंग एक्सलवर दाबून बसवलेले असते, ते प्रेस मशीनवरच काढावे आणि बसवावे. हातोडीने ठोकून बसवलेले नवे बेअरिंग लवकरच पुन्हा ओरडू लागते.

धानाच्या बांधांवरून, पावसाच्या साचलेल्या पाण्यातून गाडी नेणाऱ्यांनी पावसाळा सरला की मागचे ड्रम एकदा उघडून घ्यावेत. पाणी आणि चिखल आत शिरला की लायनर, बेअरिंग दोघांचेही आयुष्य घटते.

गॅरेजला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: आवाज कोणत्या वळणावर, किती वेगात, गाडी भरलेली असताना की रिकामी असताना, आणि ब्रेक दाबल्यावर बदलतो का. आवाजासोबत चाक गरम होत असेल, हलत असेल किंवा ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर कागदही लिहीत बसू नका. गाडी तिथेच उभी करा, मिस्त्रीला बोलवा, आणि जॅकवर टांगलेल्या गाडीखाली मुलांना वाकूनही बघू देऊ नका.