नवस तिथेही फेडतात

बालाघाटच्या बाजारात भेटवस्तूंच्या कुठल्याही दुकानात जा. काउंटरजवळ पोट सुटलेला, दोन्ही हात वर करून खदाखदा हसणारा एक बाबा दिसतोच. लाफिंग बुद्धा. गृहप्रवेश असो की दुकानाचे उद्घाटन, कोणीतरी तो हटकून देते. स्वतः विकत घेतलेला लाभत नाही, दुसऱ्यानेच दिला पाहिजे, असाही एक नियम आपल्याकडे रुजला आहे. दुकानदारांच्या दृष्टीने नियम मोठा सोयीचा आहे, एवढे खरे! मग टीव्हीशेजारी बसलेल्या या बाबाला घरातली आजी कधीतरी हळदकुंकू लावते, आणि सून गालातल्या गालात हसते.

हा बाबा म्हणजे गौतम बुद्ध नव्हे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या पूर्व भागात एक भटका भिक्षू होऊन गेला. खांद्यावर कापडाची झोळी, म्हणून लोक त्याला बुदाई म्हणजे ‘झोळीवाला’ म्हणत. त्याच्या मागे लोकांनी त्याला मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा अवतार ठरवले. चीनमधल्या बौद्ध मंदिरात तो पहिल्याच दालनात, येणाऱ्याच्या स्वागताला बसलेला असतो. आपल्याकडे दारावर गणपती असतो. दोघांचेही पोट मोठे, दोघेही प्रसन्न, दोघांपुढेही लहान मूल बिचकत नाही. आणि गंमत अशी, की आपला गणपतीही चीनला जाऊन आला आहे. दुनहुआंगच्या 285 क्रमांकाच्या लेण्यात त्याचे चित्र आहे, आणि लेण्यातल्या लेखावरून ते काम इसवी सन 538-539 च्या सुमाराचे ठरते. पण तिथे त्याचे बस्तान काही बसले नाही. तो भिंतीवरच राहिला आणि झोळीवाला मात्र हजार वर्षांनी आपल्या दिवाणखान्यात आला.

वाचकहो, हा विषय काढायचे कारण म्हणजे मोबाइलवर फिरणारे ते निरोप. ‘चीनचे सगळे देव मुळात आपलेच’ अशा थाटाचे. वाचून छाती फुगते, फॉरवर्डही होते. त्यात खऱ्याचा अंश आहे, पण तो निराळ्या जागी आहे. इथून गेली ती बरीचशी नावे आणि मूर्ती. त्या नावाला देव केले ते तिथल्या भाविकांनी, आपापल्या गरजेप्रमाणे. नाव गेले म्हणजे देव गेला असे होत नाही.

यमराजाचेच पाहा. संस्कृतातल्या यमराजाचे चिनी जिभेवर ‘यानलुओ’ झाले. आपल्या यमाच्या दरबारात चित्रगुप्त वही घेऊन बसतो, तिथेही वहीवाला कारकून आहे. पण तिथे नरकाची न्यायालये दहा, आणि यानलुओ पाचव्या न्यायालयाचा न्यायाधीश. पूर्वी तो पहिल्या न्यायालयावर होता म्हणे, परंतु अन्यायाने मेलेल्या जीवांची त्याला दया येई आणि तो त्यांना परत जगात धाडी, म्हणून वरून बदली होऊन पाचव्यावर आला. दयाळूपणाबद्दल खालच्या जागी बदली! आपल्या यमाला कोणी बदलीची भीती घातल्याचे ऐकिवात नाही.

कुबेराचा मुलगा नलकूबर आपल्याला माहीत आहे तो भागवतातला. नारदाच्या शापाने अर्जुनवृक्ष झालेला आणि उखळाला बांधलेल्या बाळकृष्णाने सोडवलेला. त्याचे नाव बौद्ध ग्रंथांतून चीनला गेले आणि आखडत आखडत ‘नझा’ झाले. तिथे तो चाकांवर धावणारा, समुद्रातल्या नागराजाच्या मुलाला लोळवणारा बंडखोर बालदेव आहे. बापाच्या हातात स्तूप असतो, तो आपला वैश्रवण म्हणजे कुबेरच. मेइर शहार नावाच्या अभ्यासकाने 2015 मध्ये एक अख्खे पुस्तक लिहून या नझात नलकूबराबरोबर बाळकृष्णही मिसळला आहे, असे मांडले. 2025 मध्ये याच नझावरचा दुसरा चित्रपट निघाला आणि कार्टूनपटांच्या कमाईत जगात पहिला आला. तो पाहणाऱ्यांपैकी कितींना नलकूबर ठाऊक असेल? आणि का असावा?

आता जरा आपल्या मातीजवळ येऊ. ह्युएन त्संग 629 मध्ये चीनहून निघाला आणि 645 मध्ये परतला. या काळात तो दक्षिण कोसलात, म्हणजे आपल्या पूर्वेकडच्या मुलखात आला होता आणि पुलकेशीच्या महाराष्ट्रातही. महाराष्ट्राच्या वर्णनात त्याने राजधानीपासून जवळच असलेल्या एका विहाराचा उल्लेख केला आहे. तिथे अवलोकितेश्वराची दगडी मूर्ती होती, आणि मनात इच्छा धरून गेलेल्या पुष्कळांना तिचा गुण येई, असे तो लिहितो. थोडक्यात, तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचे जागृत देवस्थान. महाराष्ट्रातल्या लोकांची साधीशी श्रद्धा एका चिनी माणसाने नोंदवून ठेवली.

हा अवलोकितेश्वर पाहायचा तर छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या लेण्यांत सातव्या क्रमांकापाशी थांबावे. मध्ये तो उभा आणि दोन्ही बाजूंना आठ संकटे कोरलेली: आग, तलवार उगारलेला शत्रू, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक चौकटीत जीव मुठीत धरलेली माणसे त्याचा धावा करताहेत. असेच शिल्प मुंबईजवळ कान्हेरीलाही आहे. व्यापारी तांडे, खलाशी, दानासाठी पैसा देणारे सावकार यांची ही भीती होती, पुस्तकातली नव्हे. त्या अवलोकितेश्वराचे नाव कुमारजीवाने 406 मध्ये केलेल्या सद्धर्मपुंडरीकाच्या चिनी भाषांतरातून घरोघर गेले: क्वानशियिन, जगाचा टाहो ऐकणारा.

आणि पुढे ‘ऐकणारा’ची ‘ऐकणारी’ झाली. दहाव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान चीनमध्ये हा पुरुषदेव हळूहळू स्त्री झाला. म्याओशान नावाच्या राजकन्येची कथा त्याला जोडली गेली. लग्नाला नकार दिला म्हणून बापाने छळलेली मुलगी, आणि बाप रोगाने झिजू लागल्यावर औषधासाठी आपले डोळे आणि हात काढून देणारी. आज क्वानयिन म्हणजे पांढऱ्या वस्त्रातली माऊली. मूल होत नाही म्हणून बायका तिच्याकडे जातात, समुद्रावर गेलेल्या नवऱ्यासाठी जातात. आपल्याकडे हीच ओझी मातामाय उचलते, खैरमाई उचलते. विठ्ठलाला ‘माउली’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तर यात नवल वाटायला नको. आपण देवाचे रूप न बदलता त्याला आई केले, त्यांनी रूपच बदलून टाकले.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. अवलोकितेश्वर हिंदू देव नव्हे, बौद्ध आहे. त्याला सरसकट ‘आपल्या तेहतीस कोटींत’ ओढू नये. आणि 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेची परंपरा मानणारी आपल्याकडची जी बौद्ध घरे आहेत, त्यांनी देवदेवता नाकारण्याची प्रतिज्ञा घेतली आहे. वर्गात अवलोकितेश्वराचा विषय निघाला की त्या घरांतला विद्यार्थी विचारतो, ‘सर, बुद्धाने देव सांगितला नव्हता, मग हा कुठून आला?’ प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की बुद्धाने सांगितला नव्हता, बुडत्या जहाजावरच्या माणसाने मागितला. ते त्याला पटते असे नाही, आणि पटावे असा माझा आग्रहही नाही.

मला स्वतःला देवांच्या नावांपेक्षा भक्तीच्या रीतीतले साम्य जास्त बोलके वाटते, कारण तिथे कोणी कोणाकडून उसने घेतले हा वाद फारसा उरत नाही. चिनी माणूस देवापुढे ‘श्यू युआन’ करतो, म्हणजे नवस बोलतो. इच्छा पुरी झाली की ‘हुआन युआन’, म्हणजे नवस फेडतो. फेडला नाही तर काय होते याची धास्ती तिथेही आपल्याइतकीच. कोकण-गोव्यात देवाच्या अंगावर पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. फूच्येन आणि तैवानात लाकडाचे दोन चंद्रकोरीसारखे तुकडे देवापुढे टाकतात. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर होकार, दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नकार, आणि दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसतो आहे, प्रश्न नीट विचार! हा हसण्याचा पर्याय आपल्या कौलात असता तर किती गुरवांची सोय झाली असती.

गावाच्या वेशीवरचा आपला खेडापती आणि त्यांचा तुदीगोंग ही तर जुळी भावंडे म्हणावीत. तुदीगोंग म्हणजे पांढऱ्या दाढीचा भूमिदेव. त्याची सत्ता एवढ्याशा शिवारापुरती, पलीकडे दुसरा तुदीगोंग. देऊळही आपल्या माळावरच्या ठाण्यासारखे, कमरेएवढे. स्वयंपाकघरातही देव आहे, झाओजुन. आपल्या भागात दुल्हादेवाला कित्येक घरांत चुलीजवळच जागा असते, तो घरच्यांचे राखण करतो. झाओजुन राखण करतो आणि चुगलीही करतो. वर्षभर चुलीवरून सगळे पाहायचे आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, तेवीस-चोवीसच्या सुमाराला, स्वर्गात जाऊन अहवाल द्यायचा, हे त्याचे काम. म्हणून निघण्यापूर्वी बायका त्याच्या तोंडाला मध किंवा चिकट गोड लावतात. गोड बोलावे म्हणून, नाहीतर दात चिकटून बोलताच येऊ नये म्हणून.

त्यांचे देव असे सरकारी नोकरीत आहेत. वर जेड सम्राट, खाली नगरदेव, त्याखाली भूमिदेव. बादशहा देवांना पदव्या देत असे. आपले देव मुलूख राखतात पण कोणाच्या हाताखाली अर्ज घेऊन उभे राहत नाहीत. एवढा फरक असूनही पाऊस लांबला की दोन्हीकडचा माणूस सारखाच वागतो. तिकडे देवाची मूर्ती देवळातून काढून भर उन्हात ठेवत, तुलाही कळू दे म्हणून. आपल्याकडे महादेवाची पिंड पाण्यात बुडवतात, गाभारा भरून त्याला कोंडतात, पोरे घरोघर धोंडी काढतात. देवावर रुसण्याचा, त्याला धारेवर धरण्याचा हक्क ज्याला वाटतो तोच असे करील. नामदेव आणि जनाबाई पांडुरंगाशी किती भांडली आहेत!

माणसाचा देव होण्याची वाटही सारखीच. तिसऱ्या शतकातला क्वान यू हा सेनापती 220 मध्ये मारला गेला आणि पुढे इमानाचा देव झाला. मुंबईत माझगावला, डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ, त्याचे एक लहानसे मंदिर आहे. 1919 मध्ये तिथल्या चिनी लोकांनी बांधले. वर क्वान यू, खाली क्वानयिन. आपल्या मध्यप्रदेशात ओरछाचा हरदौल आहे. भावाच्या संशयापायी विष घेतले, आणि आजही बुंदेलखंडात लग्नाची पहिली पत्रिका त्याला जाते. कोलकात्याच्या टांगरा वस्तीत तर चिनी कुटुंबांनी कालीमातेचे देऊळ उभारले आहे, आणि तिथे प्रसादाला नूडल्स असतात. उलट, चीनच्या छुआनचौ शहरात तेराव्या शतकात तमिळ व्यापाऱ्यांनी शिवालय बांधले होते. त्या शहराजवळच्या चेत्यान गावात चार हातांची, पायाशी राक्षस पडलेली एक मूर्ती आहे. गावकरी तिला क्वानयिन म्हणून उदबत्ती लावतात. ती आपल्याकडची देवी असावी असे अभ्यासक म्हणतात. त्या गावकऱ्यांना ‘तुमचे चुकते आहे’ असे सांगायला आपण कोण?

चीन म्हटले की आपल्या जिल्ह्याला तिरोडी आठवते. वांग छी हे चिनी सैन्यातले सर्वेक्षक, 1963 च्या जानेवारीत वाट चुकून भारतात आले असे त्यांचे म्हणणे. काही वर्षे तुरुंगात गेल्यावर 1969 मध्ये त्यांना तिरोडीत आणून सोडले. पिठाच्या गिरणीवर काम केले, गावाने राजबहादूर नाव दिले, 1975 मध्ये इथल्याच मुलीशी लग्न झाले. चिनी पासपोर्ट मिळायला 2013 उजाडले आणि गावी पाय ठेवायला 2017 चा फेब्रुवारी. त्यांचे गाव शेन्शी प्रांतात. ह्युएन त्संग इथून पोथ्या घेऊन ज्या छांगआनला परतला, ते आजचे शिआनही त्याच प्रांतात.

पितरांचे ऋण हा दोन्ही देशांत देवपूजेच्याही आधीचा भाग आहे. चीनमध्ये एप्रिलच्या 4-5 तारखेला छिंगमिंग असते. त्या दिवशी मुले आईबापांच्या कबरीवरचे गवत उपटतात, झाडून काढतात, जेवण मांडतात, कागदी नोटा जाळतात. जाळले की पोचते. आपल्याकडे त्यानंतर दोन ते सहा आठवड्यांनी अखाजी येते. घागर भरली जाते आणि निखाऱ्यावर पितरांच्या नावाने कागूर टाकतात. धूर झाला की पोचते. वांग छींची आई 2006 मध्ये वारली. त्यानंतर गावी जाईपर्यंतच्या प्रत्येक छिंगमिंगला हा मुलगा त्या कबरीपाशी नव्हता. तो तिरोडीत होता, जिथे दर अखाजीला आसपासच्या घरांतून तोच धूर वर जात होता.