ठिगळ आणि कापड

गेल्या महिन्यात माळा आवरताना एक जुनी हार्ड डिस्क हाती लागली. २००५ साली खानापूर तालुक्यात आत्याच्या गावी जाऊन तिच्या आणि शेजारणींच्या जात्यावरच्या ओव्या मी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या सगळ्या हिच्यात. दुसरी प्रत नाही. आत्याही आता नाही.

डिस्क घरच्या लिनक्स संगणकाला जोडली, तर तो म्हणतो, ही फाइलसिस्टीम मला ठाऊक नाही! फाइलसिस्टीम म्हणजे डिस्कवर फायली कुठे, कशा ठेवल्या याची व्यवस्था, ग्रंथालयातल्या मांडणीसारखी. माझ्या डिस्कवरची व्यवस्था 'रायझरएफएस' नावाची. २००१ साली ती लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये आली आणि २०२५ च्या जानेवारीत ६.१३ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. पुस्तकं जागेवर होती, पण मांडणी जाणणारा ग्रंथपाल निवृत्त झाला होता.

भाचा संगणकशास्त्र शिकतो. त्यानं ६.१२ मधला रायझरएफएसचा भाग घेतला, नव्या कर्नलशी जुळावा म्हणून त्याला पॅच, म्हणजे ठिगळ, लावलं आणि मॉड्यूल कंपाइल केलं. एकही चूक नाही. पण कर्नलमध्ये चढवायला जावं तर 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'! तीनदा कंपाइल केलं, तीनदा तेच.

"मामा, जबरदस्तीनं चढवूया की!"

तशी सोय आहे. आवृत्तीची तपासणी टाळून मॉड्यूल आत ढकलता येतं. पण न जुळणारं मॉड्यूल आत गेलं तर संगणक कोलमडू शकतो आणि डिस्कवर भलतंच लिहिलं जाण्याचीही भीती. मी त्याचा हात धरला. आधी सबंध डिस्कची नक्कल काढली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवली.

मग 'डीमेसग' ही आज्ञा देऊन कर्नलची रोजनिशी उघडली. कारण तिथं लिहिलेलंच होतं! मॉड्यूल एका आवृत्तीसाठी बनलेलं, चालू कर्नल दुसऱ्या आवृत्तीचा. सकाळी संगणकानं नवा कर्नल उतरवून घेतला होता, पण आम्ही संगणक बंद करून पुन्हा सुरू केला नव्हता. त्यामुळे चालत होता जुनाच. भाच्यानं ठिगळ बेतलं नव्या कापडाला आणि आम्ही ते लावत होतो जुन्या सदऱ्याला!

संगणक पुन्हा सुरू केला. मॉड्यूल मुकाट्यानं आत गेलं. नक्कल फक्त वाचण्यापुरती उघडली. क्षणभरात जात्याची घरघर आणि तिच्यावर आत्याचा आवाज. भाच्यानं तिला पाहिलेलं नाही. तो खुर्ची ओढून ऐकत बसला.

वर्गात मी मुलांना सांगतो, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचा. त्या दिवशी मीच तीनदा विसरलो. वाचकहो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी डिस्क असेल, तर या रविवारी खाली काढा. आवाज आत जपलेला असतो. तो वाचणारं यंत्र मात्र आपल्यासाठी थांबत नाही.