बॅकअप आहे? मग रिस्टोर करून दाखव!

शनिवारी यावलला घरी होतो. भरीत-पुरीचं ताट पुढ्यात आणि ऑफिसचा फोन: इलॅस्टिकसर्चचा एक इंडेक्स चुकून डिलीट झालाय, स्नॅपशॉटवरून परत येत नाहीये. झालं, भरीत गार!

कारण काय? तीन नोड्सपैकी तिसऱ्यावर एनएफएस शेअर माउंटच नव्हता. त्या पठ्ठ्याने आपले शार्ड्स त्याच नावाच्या लोकल फोल्डरमध्ये लिहिले. खरं तर रिपॉझिटरी रजिस्टर करताना प्रत्येक नोडची तपासणी होते आणि एरर येते. आलीही होती! कुणीतरी 'व्हेरिफाय=फॉल्स' टाकून तिचं तोंड बंद केलं. फायली त्या डिस्कवर सापडल्या, पण निव्वळ नशिबाने.

वर ऐकायला मिळतं, "रेप्लिका आहेत ना!" अरे बाबा, इंडेक्स उडवला की रेप्लिकाही त्याच क्षणी उडते. रेप्लिका मशीन मेलं तर वाचवते, माणसाच्या चुकीपासून नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये चुकून प्रॉडक्शन डेटाबेस पुसला गेला. पीजी-डम्पचं व्हर्जन चुकीचं असल्याने बॅकअप फेल होत होते आणि तशा ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हत्या. सुमारे ६ तासांचा डेटा गेला. निदान त्यांनी चूक जाहीरपणे लिहून तरी काढली.

माझं म्हणणं एवढंच: डॅशबोर्डवरचा हिरवा ठिपका म्हणजे बॅकअप नव्हे. महिन्यातून एकदा वेगळ्या क्लस्टरवर रिस्टोर करा आणि डॉक्युमेंट्स मोजा. "वेळ नाही" म्हणणाऱ्या मॅनेजरला पुढच्या शनिवारी फोनवर बसवा.