नोटेवरचा गणपती आणि बालीचा फुटबॉल क्लब

व्हॉट्सॲपवर वर्षातून दोन-तीनदा तरी एक मेसेज आपल्या सगळ्यांकडे येतो. इंडोनेशियाच्या वीस हजार रुपियाच्या नोटेचा फोटो, त्यावर गणपती, आणि खाली एक ओळ, की बघा तिथले मुसलमान कसे आहेत आणि तुम्ही कसे. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी याच नोटेचा दाखला देऊन आपल्या नोटांवर लक्ष्मी-गणपती छापायची मागणी केली, तेव्हा तर हा फोटो घरोघरी फिरला. ती नोट १९९८ ची होती. २००८ च्या अखेरीस ती चलनातून बादही झाली. मेसेज मात्र अजून चलनात आहे.

आम्हाला या मेसेजचा राग येत नाही, कंटाळा येतो. कारण पाठवणाऱ्याला इंडोनेशियाशी काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त आपल्याला टोमणा मारायचा असतो. आणि आपणही "हो का" म्हणून पुढे सरकतो. तिथे हिंदू-मुसलमान एकत्र कसे राहतात, कुठे जमतं, कुठे अडतं, हे कुणीच बघत नाही. म्हणून यावेळी नोट बाजूला ठेवून आम्ही एका फुटबॉल क्लबकडे बघायचं ठरवलं. बाली युनायटेड हे त्याचं नाव. २०१५ च्या आधी हा क्लब या नावाने अस्तित्वातच नव्हता. आज तो दोन वेळचा राष्ट्रीय विजेता आहे आणि आग्नेय आशियात शेअर बाजारात उतरलेला पहिला फुटबॉल क्लबही.

आधी आकडे बघू, म्हणजे चित्र नीट कळेल. २०१० च्या जनगणनेनुसार इंडोनेशियात मुसलमान सुमारे ८७ टक्के आणि हिंदू पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. पण बाली बेटावर हिशेब उलटा आहे. तिथे हिंदू सुमारे ८३ टक्के, मुसलमान १३ टक्के. म्हणजे देशात जो बहुसंख्य, तो बेटावर अल्पसंख्य, आणि बेटावर जो बहुसंख्य तो देशात मूठभर. आपल्याकडे काश्मीर सोडलं तर असा अनुभव कुणाला फारसा नाही. दोन्ही बाजूंना दोन्ही भूमिका ठाऊक असल्या की माणसं जरा जपून बोलत असावीत, असं आम्हाला वाटतं.

बालीतले मुसलमान दोन प्रकारचे. एक, शेकडो वर्षांपासून तिथेच राहणारे. उत्तरेकडच्या पेगायामान गावात तर मुसलमान मुलांची नावं बाली पद्धतीने वायान, न्योमान, केतुत अशी सुरू होतात आणि मग पुढे मुस्लिम नाव येतं. त्यांना बेटावरचे हिंदू 'न्यामा सलाम' म्हणतात. न्यामा म्हणजे भाऊबंद, आणि सलाम हा इस्लामचा बाली उच्चार. सणासुदीला एकमेकांच्या घरी ताट पोचवायची रीत आहे, तिला 'न्गेजोत' म्हणतात. आपल्याकडे ईदचा शीरखुर्मा जातो आणि दिवाळीचा फराळ येतो, तसंच हे. दुसरे म्हणजे जावा आणि इतर बेटांवरून पोटापाण्यासाठी आलेले कामगार, फेरीवाले, हॉटेलात राबणारे. त्यांची गोष्ट एवढी गोड नाही. १२ ऑक्टोबर २००२ ला कुटामध्ये बॉम्बस्फोट झाले, २०२ माणसं मेली, पर्यटन बसलं, आणि बाहेरून आलेल्या मुसलमान मजुराकडे संशयाने बघणं सुरू झालं. हे कसं असतं ते आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही.

अशा बेटावर हा क्लब उभा राहिला. तोही बालीच्या मातीतून नाही. बोर्नियो बेटाच्या पूर्व भागात सामारिंदा नावाचं शहर आहे. तिथला पुत्रा सामारिंदा हा क्लब पैशाच्या अडचणीत होता. टायर बनवणाऱ्या मल्टिस्ट्राडा कंपनीचे पीटर तानुरी यांनी तो घेतला, २०१५ च्या सुरुवातीला बालीत आणला आणि नाव बदललं. पहिल्याच वर्षी सरकार आणि फुटबॉल संघटनेच्या भांडणात लीग बंद पडली. मे २०१५ मध्ये फिफाने इंडोनेशियालाच निलंबित केलं, ते जवळजवळ वर्षभर. नवा क्लब तिथेच संपायला हरकत नव्हती. पण प्रशिक्षक इंद्रा शाफ्री यांनी आपल्या १९ वर्षांखालच्या राष्ट्रीय संघातली कोवळी पोरं घेऊन संघ चालू ठेवला.

इथे इंडोनेशियातल्या फुटबॉलची एक जुनी खोड सांगायला हवी. वर्षानुवर्षं तिथले क्लब नगरपालिका आणि जिल्ह्याच्या बजेटवर चालत. महापौर हाच क्लबचा मालक असल्यासारखा, आणि निवडणूक आली की क्लबला पैसा. २०१२ पासून व्यावसायिक क्लबांना सरकारी पैसा देणं बंद झालं आणि मग खरी परिस्थिती उघडी पडली. खेळाडूंचे पगार महिनोन्‌महिने थकले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोलो शहरात पराग्वेचा एक खेळाडू आजारी पडून वारला, तेव्हा त्याचे काही महिन्यांचे पगार बाकी होते. घरी जायला त्याच्याकडे पैसे नव्हते. वेळेवर पगार देणारा क्लब ही तिथे बातमी होती. बाली युनायटेडच्या यशाचं पहिलं कारण आम्ही हेच मानतो. डावपेच वगैरे नंतर.

२०१७ मध्ये क्लबने इर्फान बाखदिम, स्टेफानो लिलिपाली अशी मोठी नावं आणली. डच स्ट्रायकर सिल्वानो कोमवालियस याने एका मोसमात ३७ गोल ठोकले, तो विक्रम झाला. तरी लीग गेली. पोलिसांच्या भायंकारा क्लबचेही ६८ गुण आणि बालीचेही ६८. आपसातल्या सामन्यांच्या हिशेबाने भायंकारा विजेता ठरला. त्यातही प्रतिस्पर्ध्याने अपात्र खेळाडू उतरवला म्हणून भायंकाराच्या एका बरोबरीच्या सामन्याचं नंतर विजयात रूपांतर झालं होतं. पोलिसांच्या क्लबला कागदावर मिळालेले गुण म्हटल्यावर लोक काय बोलले असतील त्याची कल्पना करा!

मग आले ब्राझीलचे प्रशिक्षक स्टेफानो कुगुरा. तिथे सगळे त्यांना टेको म्हणतात. २०१८ मध्ये त्यांनी जकार्ताच्या पर्सिजाला विजेता केलं होतं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१९ मध्ये, त्यांनी बालीला विजेता केलं. कोविडमुळे २०२० चा मोसम रद्द झाला आणि मार्च २०२२ मध्ये बालीने करंडक पुन्हा जिंकला. मधल्या काळात बेटाची अवस्था फार वाईट होती. पर्यटक नाहीत, हॉटेलं बंद, २०२० मध्ये बालीची अर्थव्यवस्था नऊ टक्क्यांहून जास्त आक्रसली. २०२१-२२ च्या मोसमाचा शेवटचा टप्पा सगळ्या संघांना बालीतच ठेवून खेळवला गेला.

आता त्या धाग्याबद्दल. बाली हिंदू मनगटावर तीन रंगांचा धागा बांधतात. लाल ब्रह्माचा, काळा विष्णूचा, पांढरा शिवाचा. त्याला 'त्रिदातु' म्हणतात. क्लबने हेच रंग घेतले आणि संघाचं टोपणनावच 'सर्दादु त्रिदातु', म्हणजे त्रिदातुचे शिपाई, असं पडलं. आणि या शिपायांचा २०१९ चा कर्णधार कोण, तर सुलावेसी बेटावरच्या पालू शहरातला फादिल साउसू, मुसलमान. गोलरक्षक, बचावपटू, मधली फळी, सगळीकडे जावाची, सुलावेसीची मुसलमान मुलं, पापुआ आणि तिमोरकडची ख्रिस्ती मुलं, आणि बालीची हिंदू मुलं.

आमच्यातल्या काहींना प्रथम हे खटकलं, ते प्रामाणिकपणे सांगतो. दुसऱ्याच्या धर्माचं चिन्ह क्लबचं नाव म्हणून चालवायचं, हे उद्या आपल्या मुलांवर कुणी लादलं तर? पण जितकं वाचलं तितकं लक्षात आलं की फरक लादण्यात आहे. फादिलने धागा बांधला की नाही हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. रंग क्लबचे आहेत, श्रद्धा ज्याची त्याची. आपल्याकडे क्रिकेटच्या सामन्यानंतर एखाद्या मुसलमान गोलंदाजाने झेल सोडला किंवा धावा दिल्या, तर त्याला काय काय ऐकावं लागतं ते २०२१ च्या विश्वचषकात मोहम्मद शमीच्या वेळी आपण पाहिलं.

२०१७ मधला एक फोटो इंडोनेशियात खूप गाजला होता. गोल झाल्यावर बाली युनायटेडचे तीन खेळाडू शेजारी शेजारी. आचेहचा मिफ्ताहुल हमदी, आलोर बेटाचा ख्रिस्ती याबेस रोनी आणि बालीचा नुराह नानक. तिघंही आपापल्या पद्धतीने देवाचे आभार मानतायत. फोटो सुंदर आहेच, पण तो गाजला त्याचं कारण वेळ. त्याच वर्षी मे महिन्यात जकार्ताचे ख्रिस्ती गव्हर्नर 'आहोक' यांना धर्मनिंदेच्या आरोपाखाली दोन वर्षांची शिक्षा झाली होती आणि देश धर्मावरून दुभंगला होता. म्हणजे इंडोनेशिया हा काही स्वर्ग नव्हे. चर्चला परवानगी नाकारली जाते, अहमदियांवर हल्ले झालेत. बहुसंख्य तिथेही बहुसंख्यासारखाच वागतो. नोटेचा फोटो पाठवणाऱ्यांना ही बाजू माहीत नसते आणि आपल्यातल्या काहींना ती बोलायची नसते.

पैशाच्या बाजूकडे वळू. १७ जून २०१९ ला क्लब जकार्ताच्या शेअर बाजारात उतरला. बाजारातलं नाव 'बोला', म्हणजे चेंडू. २०० कोटी शेअर, प्रत्येकी १७५ रुपिया. आपल्या पैशात एक शेअर रुपयापेक्षाही कमी. त्यातून ३५ हजार कोटी रुपिया, म्हणजे सुमारे १७० कोटी रुपये उभे राहिले. गियान्यारच्या स्टेडियमला स्वातंत्र्यलढ्यातल्या कॅप्टन ई वायान दिप्ता यांचं नाव आहे. तिथे क्लबचं मोठं दुकान, कॅफे, मुलांना खेळायची जागा झाली. शिवाय रेडिओ स्टेशन. सामना नसला तरी लोक बायकापोरांसह येतात. ज्या देशात स्टेडियम म्हणजे मारामारीची जागा अशी प्रतिमा होती, तिथे ही मोठी गोष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२२ ला मलांगच्या कांजुरुहान स्टेडियममध्ये पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि चेंगराचेंगरीत १३५ जण मेले, त्यात मुलंही होती. त्यानंतर कुटुंबाला घेऊन सामन्याला जावं की नाही, हा तिथल्या प्रत्येक घरातला प्रश्न झाला.

शेअर विकले म्हणजे क्लब लोकांचा झाला, असं मात्र कुणी समजू नये. बाजारात आला तो एक तृतीयांश हिस्सा, आणि स्टेडियमही क्लबचं नाही, जिल्हा प्रशासनाचं आहे. तरी दर तीन महिन्यांनी हिशेब जाहीर करावा लागतो. आपल्याकडच्या किती क्लबांचा, आणि हो, किती ट्रस्टांचा हिशेब असा सगळ्यांसमोर येतो?

मार्च २०२३ मधली एक घटना आपल्या वाचकांना आठवत असेल. त्या वर्षी २० वर्षांखालचा विश्वचषक इंडोनेशियात होणार होता. गियान्यारचं मैदान सहा ठिकाणांपैकी एक, आणि गटांची सोडतही बालीतच होणार होती. इस्रायलचा संघ पात्र ठरला होता. त्यांना आमच्याकडे खेळू देणार नाही, असं पत्र बालीचे गव्हर्नर वायान कोस्टर यांनी दिलं. हिंदू गव्हर्नर, हिंदू बेट, आणि कारण पॅलेस्टाईन. फिफाने सोडत रद्द केली आणि २९ मार्चला यजमानपदच काढून घेतलं. स्पर्धा अर्जेंटिनाला गेली.

आमच्याकडे तेव्हा याचं कौतुकच झालं, आणि पॅलेस्टाईनच्या बाजूने उभं राहणं आम्हालाही योग्य वाटतं. पण ज्या इंडोनेशियन मुलांनी त्या एका स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं घाम गाळला होता, ती टीव्हीवर रडताना दिसली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि आमच्यात यावर अजून एकमत नाही.

शेवटी सामारिंदाकडे परत जायला हवं, कारण बालीच्या आनंदात ते शहर विसरलं जातं. ज्यांचा क्लब उचलून नेला त्यांचं काय? पुणेकरांना हा प्रश्न कळेल. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला, इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादने मार्च २०२२ मध्ये, म्हणजे बालीने दुसरा करंडक जिंकला त्याच महिन्यात, लीग जिंकली. २०२५ मध्ये तोही क्लब दिल्लीला गेला. बालेवाडीला जाऊन घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या पोरांना कुणी काही विचारलं नाही.

सामारिंदाच्या चाहत्यांनी वेगळी वाट काढली. पुत्रा सामारिंदाच्या चाहत्यांचा 'पुसामानिया' नावाचा गट होता. त्याच्या तरुण नेत्याने २०१४ मध्येच मदुरा बेटावरच्या बांकालान गावच्या क्लबचा परवाना विकत घेऊन नवा संघ काढला, आजचा बोर्नियो एफसी. म्हणजे एका गावाचा क्लब दुसऱ्या गावाने नेला, तेव्हा त्यांनी तिसऱ्याचा आणला. बांकालानमधल्या लोकांना काय वाटलं असेल ते कुठे वाचायला मिळालं नाही. २०२३-२४ च्या मोसमात बोर्नियो साखळी फेरीत पहिला आला, बाली तिसरा. करंडक मात्र बांडुंगच्या पर्सिबने नेला, आणि पुढच्या वर्षीही त्यांनीच. टेको २०२५ मध्ये बाली सोडून गेले. दर मोसमात एकदा सामारिंदाचा संघ गियान्यारला खेळायला येतो, आणि समोर त्रिदातुच्या रंगात उभा असतो तो त्यांच्याच शहरातून गेलेला क्लब.