सेल्फ बदलण्याआधी मीटर लावा



रत्नागिरी आणि रायगडच्या गावांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपली माणसे केपटाउनला जाऊ लागली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज तिथेच नांदतात. त्याच देशात युटेनहेग येथील कारखान्यात 1951 पासून 1979 पर्यंत फोक्सवॅगन बीटल तयार होत होती. पाठीमागे इंजिन, रेडिएटर नाही, पाणी नाही, फक्त वाऱ्यावर थंड होणारी ही गाडी. जगभरात अशा दोन कोटींहून अधिक बीटल बनल्या आणि शेवटची 2003 साली मेक्सिकोतील पुएब्ला येथे बाहेर पडली. अब्बांनी किंवा आजोबांनी जपलेली अशी गाडी ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांची एक तक्रार हमखास असते : सकाळी सेल्फ एका झटक्यात लागतो, पण लांबून आल्यावर इंजिन तापले की चावी फिरवूनही नुसता ‘टक्’ आवाज येतो. दहा-पंधरा मिनिटे थांबले की गाडी पुन्हा सुरू होते.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो ‘जास्त ताकदीचा नवा सेल्फ टाका’ असा. सल्ला नेहमीच चुकीचा नसतो, पण त्याची पाळी शेवटी यायला हवी. आधी काय तपासायचे, तेच या महिन्याच्या सदरात पाहू. ही रीत बीटलची असली, तरी जुन्या जीपला आणि पद्मिनीलाही बऱ्याच अंशी लागू पडते.

प्रथम आपली गाडी किती व्होल्टची आहे ते पाहा. सुरुवातीच्या बीटल 6 व्होल्टच्या होत्या. 1967 च्या मॉडेलपासून अनेक देशांसाठी 12 व्होल्ट आले. नुसत्या सालावर विसंबू नका, कारण मधल्या काळात कोणी काय बदलले असेल सांगता येत नाही. जुन्या बॅटरीवर तीन झाकणे असली तर ती 6 व्होल्टची, सहा असली तर 12 व्होल्टची. तेवढेच काम करायला 6 व्होल्टच्या गाडीत दुप्पट प्रवाह लागतो. वाटेत अर्धा व्होल्ट वाया गेला, तर 12 व्होल्टच्या गाडीत चोविसावा हिस्सा जातो, पण 6 व्होल्टच्या गाडीत बारावा हिस्सा. म्हणून जुन्या गाडीत गंजलेल्या केबलची शिक्षा मोठी असते.

आता मीटर. साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हातब्रेक ओढा आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलला करंट देणारी वायर काढून ठेवा. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने आकडा वाचायचा. चार ठिकाणी पाहा.

पहिले, बॅटरी. 12 व्होल्टची भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण 12.6 दाखवते. सेल्फ फिरताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर आधी बॅटरीकडे लक्ष द्या.

दुसरे, जाड केबल. मीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टावर. सेल्फ फिरत असताना इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर तेवढा करंट केबल किंवा तिचे जोड खात आहेत.

तिसरे, अर्थिंग. एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी सेल्फच्या अंगावर. बीटलचे इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसतात. म्हणून गिअरबॉक्सपासून बॉडीला जोडणारी विणलेली अर्थिंग पट्टी हाच करंटचा परतीचा रस्ता. ती काळी पडली किंवा तुटत आली, तर कितीही महागडा सेल्फ आणा, गाडी कुरकुरणारच.

चौथे, चावीची वायर. सेल्फवरच्या सोलेनॉइडला करंट देणारी ही बारीक वायर. करंट मागून पुढे डॅशबोर्डापर्यंत जातो, चावीच्या स्विचमधून फिरतो आणि पुन्हा मागे येतो. एवढ्या प्रवासात तो अशक्त होतो. त्यात तांबे तापले की त्याचा अडथळा वाढतो, 50 अंशांच्या वाढीला सुमारे 20 टक्के. थंड गाडीत जेमतेम पुरणारा करंट गरम गाडीत पुरत नाही आणि नुसता ‘टक्’ होतो. उपाय स्वस्त आहे. सेल्फजवळ एक चांगली रिले बसवा. चावीच्या वायरने फक्त रिले चालवायची आणि सोलेनॉइडला करंट सेल्फच्या जाड बोल्टावरून फ्यूजमार्गे रिलेतून थेट द्यायचा. बऱ्याच गाड्यांचा आजार इथेच संपतो.

एवढे करूनही सेल्फ रडतखडत फिरत असेल तर तो खाली काढा. काढल्यावर गिअरबॉक्सच्या भोकात बोट घालून पाहा. बीटलच्या मूळ सेल्फचे पुढचे टोक गिअरबॉक्समध्ये बसवलेल्या एका छोट्या पितळी बुशमध्ये फिरते. बुश झिजला की शाफ्ट डगमगतो, आतला आर्मेचर कडेला घासतो, करंट भरपूर खातो आणि जोर मात्र देत नाही. पुष्कळदा दोष बुशचा असतो आणि बिल सेल्फचे लागते. मूळ पद्धतीचा सेल्फ बसवताना बुश नवा घालावा आणि तो आधी तेलात भिजत ठेवावा.

यानंतरच सुधारित सेल्फचा विचार. इंजिन मोठे किंवा जास्त कॉम्प्रेशनचे केले असेल, तर तो खरोखर लागतो. वाटा दोन आहेत. पहिली, 1968 च्या मॉडेलपासून आलेल्या ऑटोमॅटिक स्टिकशिफ्ट बीटलचा सेल्फ. याचा शाफ्ट त्याच्याच नाकात धरलेला असतो, त्यामुळे गिअरबॉक्समधल्या बुशची गरज उरत नाही. दुसरी, रिडक्शन गिअरचा सेल्फ. त्यात छोटी मोटर वेगाने फिरते आणि आतले गिअर वेग कमी करून जोर वाढवतात. वजन कमी, जोर जास्त.

खरेदीआधी फ्लायव्हीलचे दात मोजा. 6 व्होल्टच्या फ्लायव्हीलला 109 आणि 12 व्होल्टच्या फ्लायव्हीलला 130 दात असतात. 12 व्होल्टचा सेल्फ 109 दातांवर बसत नाही. फ्लायव्हील बदलले, तर काही जुन्या गिअरबॉक्सचे आवरण आतून घासावे लागते. दोन्ही काळांतल्या सेल्फचे शाफ्ट वेगळ्या जाडीचे असल्याने बुशचे मापही जुळवून घ्यावे लागते.

काम करताना तीन गोष्टी विसरू नका. सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधी जाऊ नका. मजबूत लोखंडी स्टँड लावा आणि चाकांना ओट लावा. सेल्फचा वरचा बोल्ट इंजिन धरणाऱ्या चार जोडांपैकी एक आहे. त्याचा नट इंजिनच्या बाजूला असतो, म्हणून दोन माणसे असलेली बरी. आणि स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ फिरवण्याची सवय तर सोडाच. गाडी गिअरमध्ये राहिली असेल, तर ती खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर जाते.

काम झाले की मागची सीट बसवताना थांबा. बीटलची बॅटरी त्याच सीटखाली असते. सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकल्या तर ठिणगी उडून सीट पेट घेते, आणि त्या सीटवर आपली मुले बसतात. बॅटरीवर झाकण हवेच, आणि बॅटरी मापापेक्षा उंच नको.

शेवटी गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या आपल्या तरुणांसाठी. गाडी सोडून जाणारा ग्राहक आपल्याकडे अमानत ठेवून जातो. त्याला गाडीतले कळत नाही, म्हणूनच तो तुमच्याकडे येतो. आकडा त्याला दाखवा आणि मग भाग सुचवा. अर्थिंग पट्टीने काम भागत असेल, तर पट्टीचेच पैसे घ्या. सेल्फ बदललाच, तर जुना पुसून, चिठ्ठी लावून मालकाच्या हाती द्या. कार्बन आणि बुश बदलून तो पुन्हा कामाला येतो, आणि गाडी मूळ रूपात ठेवायची झाली तर तोच लागतो. आज सेल्फ विकून मिळणारा नफा एकदाचा. खरे सांगणाऱ्या मिस्त्रीकडे मात्र त्या घरातली पुढची गाडीही येते.