फीत कापण्याआधी वारा मोजा

उन्हाळ्यात हिडकल धरणाचे पाणी ओसरले की हुन्नूरचे विठ्ठलमंदिर वर येते, पावसाळ्यात पुन्हा पाण्यात जाते. त्याच जलाशयाचे नाव आता कर्नाटकातील जलविमानांसाठी विचारात असलेल्या जागांच्या यादीत आहे, आलमट्टीच्या जोडीला. बेळगाव-निपाणीकरांना ही बातमी गोड वाटेल. आम्हाला मात्र धास्ती वाटते ती वाऱ्याची.

51 टीएमसीचा हा जलाशय. आषाढात घाटमाथ्यावरून येणारे वारे या उघड्या पाण्यावर मोकाट सुटते, आणि वळवाची वावटळ तर सांगूनही येत नाही. जलविमानाला पाण्यावर ब्रेक नसतो. वैमानिकाच्या मनात असो वा नसो, ते वाऱ्याकडे नाक वळवू पाहते. उतरताना आडवा झोत एका पंखाखाली शिरला की तो पंख उचलला जातो, दुसऱ्या बाजूचा तरंगता पाय पाण्यात रुततो आणि विमान पालथे होते. प्रवासी पट्ट्यात उलटा लटकलेला, नाकातोंडात पाणी, दार डावीकडे की उजवीकडे हेच उमगत नाही. घाबरून आतच जीवरक्षक जाकीट फुगवले तर तेच त्याला दारापर्यंत खाली जाऊ देत नाही.

ही कल्पनेतली भीती नव्हे. 29 नोव्हेंबर 2009 रोजी कॅनडातील सॅटर्ना बेटाजवळ वादळी हवेत उड्डाण करताच एक जलविमान पाण्यात कोसळले. आठांपैकी सहा जण गेले, तेही बुडून. काही दारे अडकली होती, जाकिटे कोणाच्या अंगावर नव्हती. झटकन उघडणारी दारे हवीत आणि जाकीट अंगावरच हवे, असे तिथल्या तपास यंत्रणेने त्यानंतर बजावले.

आपल्याकडे उद्घाटनाची हौस दांडगी. 2014 मध्ये जुहूहून पवना धरणावर विमान उतरले, 31 ऑक्टोबर 2020 ला केवडियाहून साबरमतीला निघाले. दोन्ही सेवा टिकल्या नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये जलविमानांचे नियम सोपे झाले. सोपे म्हणजे सैल नव्हे, एवढे भान राहो.

मे 2023 मध्ये बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडालेले प्रशिक्षण विमान बिघाडामुळे होनिहाळजवळ शेतात उतरवावे लागले. आतले दोघेही वाचले. शेतात माणसे धावून जाऊ शकतात. हिडकलच्या मध्यावर कोण धावणार?

म्हणून आधी वर्षभर जलाशयावरच्या वाऱ्याची नोंद ठेवा. सांबऱ्याचे आकडे इथे चालणार नाहीत. किती वाऱ्याला उड्डाण रद्द, हे लेखी जाहीर करा. पाणी उतरल्यावर तळाशी काय काय उरते त्याचा नकाशा करा. बचावाची होडी आणि पाणबुडे काठावर तयार ठेवा, आणि दार उघडण्याच्या सूचना कन्नडबरोबर मराठीतही सांगा. सीमाभागात पाट्यांवरून भांडायला माणसे पुष्कळ आहेत, बुडणाऱ्याला मात्र तेवढी सवड नसते.

एवढे होईपर्यंत हिडकलवर फीत कापायला कोणी येऊ नये.